सुपारी रेसिंग आणि आमचे थोरले भाऊजी

शर्यतीची मोटार स्वतःच्या हातांनी घडवणारा आणि स्वतः मात्र जन्मात ताशी तीस किलोमीटरच्या पुढे न गेलेला माणूस या पृथ्वीवर एकच झाला असावा, आणि तो थोरला दीर म्हणून माझ्या वाट्याला आला. आमचं गाव सफाळ्याहून दातिवऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नारळ, सुपारी, केळी, कुंपणाकडेने थोडा मोगरा, अशी आमची वाडी. भाऊजी बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि घर ते स्टेशन हा प्रवास मोपेडवरून करत. मोपेडवर ते ताठ बसत, दोन्ही आरशांत आळीपाळीने पाहत आणि वळायचं असलं की पन्नास पावलं आधीपासून हात दाखवत. वाडीतल्या पायवाटेवर मागे फार तर एखादी कोंबडी असायची, पण तिथेही हात दाखवल्याशिवाय ते कधी विहिरीकडे वळले नाहीत. सायकलवाले त्यांना ओलांडून जात. एकदा पेंढ्याने भरलेली बैलगाडी त्यांना ओलांडून गेली, तेव्हा घरी येऊन त्यांनी गाडीवानाच्या वळण घेण्याच्या पद्धतीचं तोंड भरून कौतुक केलं होतं.

मी घाटावरची. मला पाहायला ही मंडळी आली तेव्हा नवरामुलगा माझ्याकडे न बघता चहाच्या कपाकडे बघत होता, सासूबाई स्वयंपाकाचं विचारत होत्या, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत एक उंच, किडकिडीत, नखांत काळं तेल असलेले गृहस्थ काही न बोलता बसले होते. मी शाळेत गणित शिकवते असं वडिलांनी सांगताच ते एकदम पुढे सरकले आणि त्यांनी विचारलं, "दशांश अपूर्णांकांची वजाबाकी तोंडी करता का?" मी म्हटलं, करते. त्यांनी लगेच दोन आकडे दिले, मी उत्तर दिलं, आणि नवऱ्यामुलाने तोंड उघडण्याआधी त्या गृहस्थांनीच मुलगी पसंत असल्याचं जाहीर करून टाकलं. त्या वजाबाकीचा अर्थ मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळला. सुपारी वाळवायच्या शेडमध्ये त्यांनी मला नेलं आणि वरचं ताडपत्रीचं झाकण काढलं. खाली एक मोटार होती. एकाच माणसापुरती, उघड्या चाकांची, जमिनीला पोट टेकेल की काय अशी खुजी, आणि होड्यांना लावतात त्या निळ्या रंगाने रंगवलेली. भाऊजींनी माझ्या हातात एक स्टॉपवॉच ठेवलं आणि म्हणाले, "बाई, आपली टीम पूर्ण झाली."

त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'बाई' झाले. नात्याने मी धाकट्या भावाची बायको, पण त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही की सूनबाई म्हटलं नाही. शाळेत मुलं म्हणतात तसं 'बाई'. या टीमचं नाव होतं 'सुपारी रेसिंग'. ज्या शेडमध्ये गाडी जन्मली तिचं नाव गाडीला द्यावं, यात त्यांना काहीच वावगं वाटलं नव्हतं. पुढे दक्षिणेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर भोंग्यावरून ते नाव पहिल्यांदा पुकारलं गेलं तेव्हा पुकारणारा मध्येच थांबला आणि हसू आवरत हिंदीत म्हणाला, कोणाची सुपारी घेऊन आलेत हे लोक. सगळं मैदान हसलं. भाऊजींना विनोद कळला नाही. त्यांनी गंभीरपणे खिशातून चार सुपाऱ्या काढून त्या माणसाला नेऊन दिल्या आणि या रोठा जातीच्या आहेत, चांगल्या वाळलेल्या आहेत, असं समजावून आले.

टीममध्ये आम्ही चार जण. गाडीचा सांगाडा जोडला तो लहानूने. लहानू वाणगावच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरचा. पावसाळ्यात तो स्वतःची भातशेती करी आणि एरवी बोईसरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग. बोईसरच्या भंगारबाजारातून भाऊजी एकेक पाइप निवडून आणत, नखाने वाजवून बघत, आणि लहानू तो असा जोडी की सांधा कुठे आहे हे बोट फिरवून शोधावं लागे. बोलायला तो अगदी कमी. दिवसभरात तीन वाक्यं बोलला तर चौथ्याला दमायचा.

चौथा हरेश्वर. दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातला हा तरणा माणूस सकाळी बर्फातली मासळी टेम्पोत घालून सफाळ्याला पोचवायचा. एके सकाळी मधल्या घाटाच्या वळणावर त्याचा टेम्पो भाऊजींच्या मोपेडला ओलांडून गेला. दुसरा कोणी असता तर त्याने शिव्या घातल्या असत्या. भाऊजींनी मोपेड बाजूला लावली आणि वळणावरचा रस्ता वाकून तपासला. एवढ्या वेगात वळूनही टेम्पोतून पाण्याचा थेंब रस्त्यावर सांडला नव्हता. भाऊजी त्या दिवशी कामावर गेलेच नाहीत. मासळी बाजारात जाऊन त्यांनी टेम्पो हुडकला आणि हरेश्वरला विचारलं, शर्यतीत गाडी चालवशील का. हरेश्वरला वाटलं पोलिसांत द्यायला आलेत. तो म्हणाला, "काका, माजी चुकी नाय, तुमीच लय हलू व्हते."

भाऊजींचं दुसरं वेड वजनाचं. गाडी हलकी तर वेग जास्त, हे त्यांनी एकदा मनावर घेतलं आणि मग जे दिसेल त्याला ते ड्रिलने भोकं पाडू लागले. ब्रेकच्या पेडलला भोकं, गिअरच्या दांड्याला भोकं, सीटच्या पत्र्याला इतकी भोकं की चाळणीत बसल्यासारखं वाटे. गाडीत जागा उरली नाही तेव्हा हा हात घराकडे वळला. एक दिवस सासूबाईंनी नारळ खवायला विळी काढली तर तिच्या पाटाला ओळीने नऊ भोकं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. भाऊजींचं म्हणणं असं की विळी आता एकशेवीस ग्रॅमने हलकी झाली, आईला उचलायला बरी. शर्यतीच्या आधीचे पंधरा दिवस ते हरेश्वरला सुपारीच्या काट्यावर रोज उभं करत. कोळीवाड्यात त्याच्या आईला निरोप जाई की भात अर्धा वाढा. ती माउली निरोप आणणाऱ्यालाच जेवायला बसवी.

पहिल्या वर्षी आम्ही दक्षिणेला गेलो तेव्हा गाडी नेली ती हरेश्वरच्या मासळीच्याच टेम्पोतून. तो टेम्पो भाऊजींनी सात वेळा धुतला होता. तरी ट्रॅकवर पोचेपर्यंत दोन दिवसांच्या उन्हात वास असा उठला की शेजारच्या टीमने आपला तंबू उचलून लांब नेला आणि कुठून कुठून मांजरं येऊन आमच्या गाडीभोवती बसली. मी आणि हे रेल्वेने गेलो होतो. यांना मोटारींत रस शून्य, त्यामुळे पुढच्या वर्षापासून मी दिवाळीच्या सुट्टीत एकटीच जाऊ लागले. त्या पहिल्या शर्यतीत सगळ्या गाड्या सुटल्या आणि आमची जागेवरच राहिली. तिने हूं म्हणून केलं नाही. भाऊजी दोन दिवसांचा प्रवास करून आले होते, आणि त्यांची शर्यत शून्य मीटरची झाली. परतताना टेम्पोत मागे, गाडीच्याच सीटवर बसून ते आले, आणि घरी पोचेपर्यंत काय बिघडलं होतं ते त्यांना सापडलं होतं.

दुसऱ्या वर्षी आमची गाडी शेवटपर्यंत गेली. आल्यावर भाऊजींनी गावभर पेढे वाटले. कितवा नंबर, असं लोक विचारत. ते सांगत, अकरातून सातवा. लोकांना कौतुक वाटे. अकरांपैकी चार गाड्या वाटेत बंद पडल्या होत्या आणि शेवटपर्यंत पोचलेल्या सातांत आम्ही सातवे होतो, हे गणित फक्त मला ठाऊक होतं आणि मला कोणी विचारलं नाही.

शर्यत चालू असताना भाऊजी ट्रॅककडे पाहत नसत. ते पाठ करून बसत आणि एकेक पाना फडक्याने पुसत राहत. मी भिंतीशी उभी राहून घड्याळ दाबी, मनात वजाबाकी करी आणि फेरीगणिक पाटीवर आकडा लिहून हरेश्वरला दाखवी. पुढच्या गाडीपासून तो किती मागे आहे आणि गेल्या फेरीपेक्षा किती सुधारला, एवढाच हिशोब. दीड-दोनशेच्या वेगात जाताना तो अर्ध्या क्षणात ती पाटी वाचायचा आणि माझ्या आकड्यावर भिस्त ठेवून पुढच्या वळणाला ब्रेक उशिरा लावायचा. एकदा मी त्याला विचारलं, माझी वजाबाकी चुकली तर. तो म्हणाला, "वैनी, तुमचा आकडा चुकला असा मी इचारच करत नाय. केला तर पाय थरथरंल."

पाचव्या वर्षी आम्ही तिसरे आलो. खरेखुरे तिसरे, चौदा गाड्या शेवटपर्यंत पोचलेल्या असताना. हरेश्वरला चौथऱ्यावर उभं केलं, गळ्यात हार घातला, फोटोसाठी टीमच्या प्रमुखांना बोलावलं, आणि प्रमुखांचा पत्ता नाही. लहानू आणि मी शोधत फिरलो. टेम्पोच्या मागे नळाखाली ते उकिडवे बसले होते आणि साबणाने हात घासत होते. किती वेळ घासत होते कोण जाणे, साबणाची वडी निम्मी झाली होती. मी म्हटलं, भाऊजी चला, फोटो काढतायत. ते म्हणाले, "हात स्वच्छ होत नाहीत बाई. असे हात घेऊन कसं जायचं?" तेल नखांत तीस वर्षं मुरलेलं, ते तेवढ्यात कुठे जाणार. त्या फोटोत हरेश्वर आहे, लहानू आहे, मी आहे, आणि एक मांजर आहे. भाऊजी नाहीत.

त्याच संध्याकाळी दक्षिणेतल्या एका मोठ्या टीमचा माणूस हरेश्वरशी बोलून गेला. त्यांच्याकडे गाड्या चांगल्या, मेकॅनिकांची फौज, राहायची सोय, वर्षभर सराव. त्यांना हरेश्वर हवा होता. परतीच्या वाटेवर हरेश्वर त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. गावी आल्यावर चार दिवसांनी वाडीत आला आणि म्हणाला, मी त्यांना नाही म्हणून कळवणार आहे. भाऊजींनी त्याला समोर बसवून समजावलं. आपली गाडी इतपतच पळणार, तू याहून पुष्कळ पळू शकतोस, हे वय पुन्हा येत नाही, असं सगळं सांगून पाहिलं. हरेश्वर ऐकून घेई, मान हलवी आणि शेवटी तेच म्हणे, "तुमाला सोडून नाय जायाचा, भाऊ." दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी भाऊजी त्याच्याशी बोलायचे थांबले आणि लहानूला बोलावून घेतलं.

त्या दोघांनी एका दुपारी गाडी मोकळी केली. इंजिन गोणपाटात गुंडाळून लहानूच्या पाड्यावर गेलं. सांगाडा घराच्या माळ्यावर चढवला आणि त्यावर झावळ्या टाकल्या. चाकं केळीच्या बागेमागे ठेवली. मी शाळेतून आले तेव्हा शेड धुऊन काढलेली होती. भाऊजींनी मला एवढंच सांगितलं की उद्या हरेश्वर येईल, त्याला आपण गाडी विकली असं सांगायचं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मला त्यात घेऊ नका. ते म्हणाले, "माझ्यावर त्याचा विश्वास बसणार नाही. तो तुम्हाला विचारील."

आणि झालं तसंच. हरेश्वर आला, रिकाम्या शेडच्या दारात थबकला. भाऊजी सुपाऱ्या सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, विकली, नाशिककडच्या एकाला, आता वय झालं, होत नाही. हरेश्वर माझ्याकडे वळला. म्हणाला, "वैनी, खरा हाय का?"

मी म्हटलं, "हो."

तो आत गेला. गाडी ज्या लाकडी ठोकळ्यांवर उभी असायची ते चार ठोकळे तिथेच होते. त्यांतल्या एकावर त्याने हात ठेवला. बाहेर येऊन भाऊजींना म्हणाला, "एकदा इचाराचा तरी व्हता. माजी पन व्हती ती." आणि गेला. त्याचा टेम्पो आमच्या रस्त्याने इतका हळू जाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. भाऊजी सुपाऱ्या सोलत राहिले. सोललेल्या आणि न सोललेल्या एकाच टोपलीत टाकत होते.

पुढच्या महिन्यात हरेश्वर दक्षिणेला गेला. जाताना भेटायला आला नाही. दुसऱ्याच वर्षी तो शर्यत जिंकल्याची चार ओळींची बातमी वर्तमानपत्रात आली. भाऊजींनी ती सफाळ्याला दुकानात उभ्या उभ्या वाचली, घडी करून पेपर दुकानदाराला परत दिला आणि घरी येऊन केळीला पाणी लावलं. मला ती बातमी शाळेत कळली. मी म्हटलं, आता तरी त्याला कळवू या, त्याचं बस्तान बसलं आहे. त्यावर त्यांनी फार विचार करून सांगितलं की आता कळवलं तर आपण खोटं बोललो हे त्याला कळेल. मग खोटं बोललो ते कशासाठी? या युक्तिवादात कुठेतरी चूक आहे हे मला दिसत होतं, पण ती फळ्यावर मांडून दाखवता येईना.

गाडी मात्र त्यांनी पुन्हा जोडली. इंजिन परत आलं, चाकं चढली, ठोकळ्यांवर ती पहिल्यासारखी उभी राहिली. लहानू दर रविवारी येई. कुठल्याही शर्यतीत नाव द्यायचं नाही हे ठरलेलं होतं, कारण विकलेली गाडी शर्यतीत दिसली असती. तरी ब्रेक तपासले जात, तेल बदललं जाई, महिन्यातून एकदा इंजिन चालू केलं जाई आणि झाडावरचे कावळे उडून जात. मग लहानूची नजर मंद होत गेली. एके रविवारी त्याने हातातलं वेल्डिंगचं हत्यार खाली ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, आता ठिणगी दिसते, सांधा नाय दिसत." त्याला पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे आम्हीच नेलं. उपचाराने थोडा फरक पडला, पण पाड्यावरून एकट्याने येणं त्याला जमेनासं झालं.

भाऊजी निवृत्त झाले. सासूबाई गेल्या. यांच्या शिफ्टा, माझी शाळा, आमची मुलगी शिकायला पुण्याला. घरात माणसं कमी होत गेली तसे भाऊजी जेवणापुरतेच घरात दिसू लागले. जेवताना सांगत, "आम्ही आज पुढचे ब्रेक खोलले." किंवा, "आम्हाला वाटतं, क्लचची तार बदलायला हवी." एकदा मी हसत विचारलं, आम्ही म्हणजे कोण. त्यांनी मला काहीतरीच विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, टीम.

ही टीम काय प्रकार होता ते मला एका दुपारी कळलं. घरात पाना हवा होता म्हणून मी शेडमध्ये गेले. भाऊजी बाजारात गेले होते. बाकावर एक लांबट वही होती. पहिल्या वर्षापासून दर रविवारी दहा वाजता टीमची सभा घ्यायची आणि हजेरी मांडायची अशी त्यांची शिस्त होती. चौघं असताना आम्ही त्या सभेची खूप टिंगल करायचो. मला वाटलं होतं ती केव्हाच बंद पडली. वही उघडली तर गेल्या रविवारपर्यंतची पानं भरलेली. प्रत्येक पानावर तेच सुबक अक्षर. उपस्थिती: एक. खाली न आलेल्यांची नावं आणि कारणं. हरेश्वर, कामानिमित्त परगावी. लहानू, डोळे. आणि तिसरं नाव माझं. बाई, शाळा.

मी मागे मागे पानं उलटत गेले. लहानू यायचा थांबल्यापासूनचे सहा वर्षांचे रविवार होते. प्रत्येक रविवारी माझ्यापुढे लिहिलेलं, शाळा. रविवारी शाळा नसते हे त्यांना माहीत होतं. शेडपासून वीस पावलांवर, ओट्यावर पाय सोडून मी पेपर वाचत बसलेली असायची, आणि ते मला तिथून बघत असणार. एकदाही त्यांनी हाक मारली नव्हती. मला घरची कामं असतील, आठवड्याचा एक दिवस मिळतो, असं काहीतरी त्यांच्या मनात असेल. वहीत गैरहजेरीला कारण लागतं म्हणून त्यांनी एक सभ्यसं कारण शोधून ठेवलं होतं. मी पाना न घेता घरी आले, आणि त्या दिवशी संध्याकाळी यांनी दोनदा विचारलं की तुझं काही दुखतंय का.

होळीला हरेश्वर गावी येतो हे मला माहीत होतं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढून दातिवऱ्याला गेले. तो घराच्या पुढ्यात जाळ्याची गाठ सोडवत बसला होता. अंगाने भरला होता, कानशिलावर थोडे पांढरे केस आले होते. आता तो शर्यतीत उतरत नाही, तिकडेच नव्या चालकांना शिकवतो, असं त्याच्या आईने मागे सांगितलं होतं. त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा येण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं. गाडी विकली नव्हती. तू जावंस म्हणून विकली असं खोटं सांगितलं. ती आजही शेडमध्ये आहे.

तो बराच वेळ गाठीशी झटत राहिला. मग म्हणाला, "वीस वर्सं मी भाऊचं नाव घेतला नाय. आयशीलाबी घेऊ दिला नाय." तो पुढे म्हणाला, "भाऊ बोलले तवा माजा इश्वास नव्हता बसला. तुमी हो म्हनलात, म्हून बसला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. चहा आला, तो आम्ही प्यायलो, आणि मी परत निघाले.

त्या रविवारी दहा वाजता मी शेडमध्ये जाऊन बाकावर बसले. भाऊजींनी वही उघडली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता लिहिलं. मग मागच्या टायरवर अर्धा तास बोलले. ते सांगत असतानाच फाटकाचा आवाज झाला. हरेश्वर आत आला, सरळ गाडीपाशी गेला, खाली बसून त्याने पुढच्या टायरवर अंगठा दाबला. म्हणाला, "हवा कमी हाय."

भाऊजी म्हणाले, "मुद्दाम ठेवली आहे. उभी गाडी आहे." आणि उभ्या गाडीच्या टायरमध्ये हवा किती असावी याबद्दल ते सविस्तर सांगू लागले. दोघंही टायरकडे बघत होते. सांगायचं संपलं तेव्हा हरेश्वर म्हणाला, "खोटा कशाला बोललात, भाऊ?"

"खरं बोललो असतो तर तू गेला नसतास."

"नसतो गेलो."

"मग?"

"मग काय," हरेश्वर म्हणाला. "रायलो असतो."

भाऊजींनी खिशातून फडकं काढलं आणि हरेश्वरच्या हाताला लागलेली टायरची धूळ पुसायला दिलं.

मग गाडीत बसून बघण्याची टूम निघाली. हरेश्वर कमरेपर्यंत आत गेला आणि तिथेच अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मी एक दंड धरला, भाऊजींनी दुसरा, आणि आम्ही ओढू लागलो. भाऊजी घाम पुसत त्याला विचारत होते, वजन किती, खरं सांग. हरेश्वर हसत हसत म्हणाला, तिकडं सुपारीचा काटा नाय ना. त्या शेडमध्ये मी भाऊजींना त्या दिवशी फार वर्षांनी हसताना पाहिलं.

गाडी न्यायची कल्पना भाऊजींचीच. तुझ्याकडे शिकणारे आहेत, त्यांना चालवू दे, इथे ती नुसती उभी राहून खराब होईल, असं ते म्हणाले. हरेश्वरने त्यांनाही सोबत चला म्हणून आग्रह केला. तिकडे खोली आहे, लोकांना शिकवा, चार दिवस राहून तरी बघा. भाऊजी म्हणाले, वाडीला पाणी कोण लावणार. वाडीला पाणी कित्येक वर्षं गडी लावतो, हे तिघांनाही माहीत होतं. महिनाभराने ट्रक आला. लहानूला मुद्दाम आणलं होतं. त्याने सगळे सांधे एकेक करून बोटांनी चाचपले आणि ठीक आहे अशी मान हलवली. दुपारी दोनला ट्रक निघाला. मी शेडमध्ये आले तर भाऊजी ठोकळे उचलून भिंतीशी लावत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथे सुपारी वाळत घातली.

याला आता दोन वर्षं झाली. मीही निवृत्त झाले. यांना शिफ्ट असते तेव्हा घरात आम्ही दोघंच. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला हरेश्वरचा फोन येतो. मी स्पीकर लावून देते, भाऊजी तो दोन्ही हातांनी धरतात. हरेश्वर तिकडे गाडी सुरू करायला लावतो आणि फोन इंजिनाजवळ नेतो. भाऊजी डोळे मिटून मिनिटभर ऐकतात, मग मोठ्याने म्हणतात, ठीक आहे, चालू दे, आणि फोन माझ्याकडे देतात.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या कानांनी दगा दिला आहे. डॉक्टर म्हणाले, कारखान्यात इतकी वर्षं काढल्यावर असं होतं. दारावरची हाकसुद्धा आता त्यांना कळत नाही. हरेश्वरला हे सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे. फोन बंद झाला की ते खुर्ची माझ्याजवळ ओढतात, उजवा कान माझ्या तोंडापाशी आणतात आणि विचारतात, कसा होता आवाज?

मला इंजिनातलं आजही काही कळत नाही. मी ऐकलं तेवढं सांगते. सुरुवातीला जरा घोगरा होता, मग मोकळा झाला, आणि मग एकसारखा, बारीक, लांबपर्यंत जाणारा. ते मान हलवत राहतात. कधी म्हणतात, पुन्हा एकदा सांगा. मी पुन्हा सांगते.